दादी-नानीच्या लोऱ्या

मुलाची पहिली शाळा म्हणजे पाळणा. सतराव्या शतकात विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत दखनी भाषेत चक्कीनामे, चर्खानामे व लोरीनामे रचले गेले. दळताना, कातताना, मूल निजविताना बायांनी ते गावेत व अल्लाहचे नाव बाळाच्या कानी पडावे, हा हेतू. आपल्या मराठवाड्यात शेजारच्या घरी तशाच जात्यावर मराठी ओवी चाले. तोंडी गाणे घरागणिक बदलते, हे ओघानेच आले.

1948 पर्यंत नांदेड-लातूरकडे निजामाचे राज्य, कारभार उर्दूत. घरात मात्र दखनीच. तिचा ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’वरूनच आला. शिकलेल्या काही पालकांना ही बोली अशुद्ध वाटते! पिठाची गिरणी आली, जाते थांबले. विद्यार्थ्यांनो, या सुटीत नानीजवळ वही घेऊन बसा. ती म्हणेल तसेच लिहा. ‘नक्को’चे ‘मत’ करू नका.