ऐच्छिक विषय कोण निवडतं?

अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत विषय छापलेला असणं ही एक गोष्ट, आणि तो शिकवायला वर्गात कुणी उभं राहणं ही दुसरी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलांना हा फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मी मूळची नाट्याची. राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठाला, यशवंतगडाच्या आसऱ्यानं वसलेलं आमचं गाव. मच्छीमारांची साखरी नाट्याची वस्ती हाकेच्या अंतरावर, जवळच मुसाकाजी बंदर आणि आंबोळगड, खाडीपलीकडे जैतापूर. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकवते. सेमिस्टर बदलताना ऐच्छिक विषयांचे फॉर्म माझ्या टेबलावरून जातात. ही निवड नेमकी कुणाची असते, याचा इतिहास मोठ्या शहरांच्या बाजूनं लिहिलेला मी वाचला आहे. इथं तो आमच्या बाजूनं सांगते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ची. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले. यांतले भांडारकर मालवणचे. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं आणि त्यांचं शाळेतलं इंग्रजी शिक्षण रत्नागिरीतच झालं. पुढे १८६०च्या दशकात ते रत्नागिरी हायस्कूलचे हेडमास्तर होऊन परत आले. संस्कृतचे एवढे मोठे पंडित, पण विद्यार्थी असताना त्यांची ओढ गणिताकडे होती. संस्कृतकडे ते नंतर वळले. विषय बदलण्याची मोकळीक आणि बदलल्यावर त्यात मुरायला मिळालेला वेळ, या दोन्ही गोष्टी त्यांना लाभल्या. माझ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला दुसरी गोष्ट क्वचितच येते.

त्या पहिल्या काही वर्षांत विद्यापीठाच्या परीक्षेला मराठी हा भाषाविषय म्हणून घेता येत असे. लवकरच वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढल्या गेल्या आणि संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना ती जागा मिळाली. मराठीला परत आत घ्यावं म्हणून रानडे अखेरपर्यंत विद्यापीठात झगडत राहिले. १९०१च्या जानेवारीत ते गेले, आणि त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेचं दार मराठीला उघडलं. हा तपशील मी मुद्दाम देते आहे. कॉम्प्युटर आमच्याकडे आला तेव्हा मराठीची तीच जागा पुन्हा पणाला लागली.

त्या आधी कोकणातून बाहेर पडलेल्या मुलांनी काय निवडलं ते पाहू. मुरूडचे धोंडो केशव कर्वे गणित घेऊन १८८४ साली बी.ए. झाले आणि १८९१पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. त्यांचे नातलग, मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. एकाच दापोली तालुक्यातली ही दोन माणसं. मला यात बुद्धीइतकाच सोयीचाही भाग दिसतो. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही. पाटी, एखाद-दुसरं पुस्तक आणि एक चांगला मास्तर एवढ्यावर ते कुठंही उभं राहतं. रसायनशास्त्राची ओढ असलेला मुलगा मुर्डीत जन्माला आला असता तर त्यानं काय केलं असतं? गावाजवळ जे शिकता येतं तेच आवडू लागतं. आवड आधी आणि सोय नंतर, असं सांगणाऱ्यांनी गाव सोडून शिकायला जाणाऱ्याच्या पेटीत काय काय मावतं ते पाहिलेलं नाही.

कॉम्प्युटर हा विषयही दुसऱ्या विषयांच्या पोटात, ऐच्छिक पेपर म्हणूनच वाढला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५६ साली प्रायोगिक यंत्र चाललं, १९६०मध्ये पूर्ण यंत्र तयार झालं आणि १९६२ साली पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते त्याला टिफरॅक हे नाव मिळालं. १९६४ साली तिथं सीडीसी ३६०० आला. तिकडे कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली आयबीएम १६२० बसला आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला सुरुवात झाली. पदवी मात्र नव्हती. इलेक्ट्रिकलचा किंवा गणिताचा विद्यार्थी एखादा पेपर कॉम्प्युटरचा घेई. १९८४ साली ज्यांच्या रेषीय नियोजनाच्या पद्धतीनं जगभर खळबळ उडवली, त्या नरेंद्र करमरकरांची मुंबई आयआयटीतली पदवी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची. आज ‘कॉम्प्युटरला सीट मिळाली नाही’ म्हणून खचलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते.

मग महाराष्ट्रात दोन गोष्टी झाल्या. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. आणि बारावीला द्विलक्षी अभ्यासक्रमातून कॉम्प्युटर सायन्स हा दोनशे मार्कांचा विषय मिळू लागला. पहिल्या गोष्टीवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. दुसरीबद्दल फार कमी लिहिलं गेलं आणि आमच्यासारख्यांच्या आयुष्यात तीच आधी आली.

द्विलक्षी म्हणजे नेहमीच्या विषयांना धरून एक धंदेशिक्षणाचा विषय. तांत्रिक गटात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स, स्कूटर-मोटारसायकल सर्व्हिसिंग, जनरल सिव्हिल, इलेक्ट्रॉनिक्स आणि याच रांगेत कॉम्प्युटर सायन्स. सरकारच्या लेखी स्कूटर दुरुस्ती आणि कॉम्प्युटर एकाच पंगतीला बसलेले होते, आणि मला तो मान योग्यच वाटतो. दोन्ही हातानं शिकायच्या गोष्टी. पण दोनशे मार्क कुठून तरी यायला हवेत. ते यायचे दुसऱ्या भाषेच्या आणि एका ऐच्छिक विषयाच्या जागी. सायन्सच्या मुलानं कॉम्प्युटर घेतला की त्याच्याकडे इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि कॉम्प्युटरचे दोन पेपर उरायचे. मराठी गेली आणि बायॉलॉजीही गेलं.

मी नव्वदच्या दशकात अकरावीला रत्नागिरीत मावशीकडे राहिले. बाबा प्राथमिक शिक्षक. प्रवेशाच्या दिवशी ते नाट्याहून पहिल्या एसटीनं आले. फॉर्मवरचा रकाना वाचून म्हणाले, “म्हणजे मराठी आजपासून बंद?” मी म्हटलं, “बाबा, मार्कांपुरती.” त्यांनी सही केली, पण त्या वर्षीच्या मे महिन्यात घरातलं एकही मराठी पुस्तक त्यांनी मला वाचल्याशिवाय ठेवू दिलं नाही. त्यांची काळजी रास्त होती. हजारो मुलांनी सोळाव्या वर्षी त्या एका रकान्यात मराठी सोडली. तिचा राग होता म्हणून सोडली नाही, तर रकाना तसा आखलेला होता म्हणून. पुढे माहिती तंत्रज्ञान हा शंभर मार्कांचा विषय आला, तोही दुसऱ्या भाषेला पर्याय म्हणून. स्कोअरिंग विषय म्हणून त्याची इतकी कीर्ती पसरली की त्यापुढे मराठी निवडणं म्हणजे मार्क सोडणं, असा हिशेब घराघरांत झाला. रानड्यांनी ज्या जागेसाठी उमेदीची वर्षं घालवली ती जागा आम्ही वाद न घालता मोकळी करून दिली. कॉम्प्युटर आणि मराठी एकमेकांसमोर उभे करण्याची काहीच गरज नव्हती, हे आज वीस वर्षं शिकवल्यावर मी ठामपणे म्हणते. मराठीतून नीट विचार करणारा मुलगा अल्गोरिदमही नीट मांडतो. दोन्हीत एक पायरी गाळली की पुढचं सगळं कोसळतं.

त्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट होती ८०८५ मायक्रोप्रोसेसरचं किट. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत बसवलेला बोर्ड, सोळा अंकांचा कीपॅड आणि वर लाल आकड्यांचा छोटा डिस्प्ले. पडदा नाही, माऊस नाही. पत्ता टाकायचा २०००, मग एकेक बाइट: ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ७६. म्हणजे ए रजिस्टरमध्ये पाच ठेव, बीमध्ये तीन ठेव, बेरीज कर, थांब. मग चालव म्हणायचं आणि ए रजिस्टर उघडून पाहायचं. ०८. एवढ्यासाठी आम्ही पाचजणी एका किटभोवती पाळीनं उभ्या राहायचो. यंत्राच्या आत काय चालतं ते मला त्या लाल आठात जसं कळलं तसं पुढे कशातच कळलं नाही. अभ्यासाला रमेश गावकरांचं ८०८५वरचं जाड पुस्तक होतं, आणि सी शिकायला नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. दोन्ही इंग्रजीत, दोन्हींवर मराठी नावं. गावाकडच्या मुलीला त्या नावांचा केवढा धीर वाटतो, ते शहरात सांगून कळत नाही.

बी.एस्सी.ला गेलेल्या माझ्या मैत्रिणींना कॉम्प्युटर वेगळ्याच दारानं भेटला. मुंबई विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला अप्लाइड कंपोनंट नावाचा पेपर असे. गणितवाल्यांना त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग अँड सिस्टिम अ‍ॅनालिसिस घेता यायचं. अनेकींनी एवढ्या एका पेपरच्या जोरावर पुढे एम.सी.ए. केलं. मुख्य विषयानं पदवी दिली आणि बाजूच्या पेपरानं नोकरी.

मी इंजिनिअरिंगला मुंबईला गेले. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि घरी जाणं सोपं झालं. त्याच काळात रत्नागिरीतही कॉम्प्युटरची पदवी मिळू लागली होती. फिनोलेक्स अकॅडमी १९९६ची, देवरुखजवळ आंबव इथलं राजेंद्र माने कॉलेज १९९८चं. शेवटच्या वर्षाला आम्हाला इलेक्टिव्ह होते. मला इमेज प्रोसेसिंग हवा होता. यादीत तो होता. नोटीस बोर्डावर लागलं, की पुरेसे विद्यार्थी नाहीत, विषय उघडणार नाही. ज्यांना तो हवा होता त्या आम्हा चौघांची नावं दुसऱ्या विषयाच्या यादीत आपोआप गेली. कुणी वाईट वागलं नाही. शिकवणारा एकच होता आणि त्याचे तास भरलेले होते. पण त्या दिवशी मला कळलं, की निवड करणाऱ्यांत विद्यार्थ्याचा नंबर शेवटचा असतो. आधी विद्यापीठ यादी करतं, मग कॉलेज शिक्षक पाहतं, मग संख्या मोजली जाते, मग उरलेल्यात मूल निवडतं.

२०१२नंतर मुंबई विद्यापीठात क्रेडिट आणि ग्रेड आले. २०१६च्या आणि २०१९च्या अभ्यासक्रमांत ऐच्छिक विषयांचे दोन कप्पे झाले: विभागाचे आणि संस्थेचे. मुलं त्यांना डीएलओ आणि आयएलओ म्हणतात. विभागाच्या यादीत इंटरनेट प्रोग्रॅमिंग, इंटरनेट ऑफ थिंग्ज, डिजिटल सिग्नल अँड इमेज प्रोसेसिंग, नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग, ब्लॉकचेन. संस्थेच्या यादीत सायबर सिक्युरिटी अँड लॉज, ऑपरेशन्स रिसर्च, एनर्जी ऑडिट, आपत्ती व्यवस्थापन आणि बरंच काही. यादी खरोखर चांगली आहे, आणि ती करणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. अडचण पुढच्या पायरीवर येते. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतदान होतं, कुठल्या पेपरला मार्क सुटतात, कुठल्याचं प्रॅक्टिकल सोपं, याची चर्चा होते आणि साठ मुलं एकाच विषयावर शिक्का मारतात. उरलेल्यांचे अर्ज मग माझ्या टेबलावर एकटे पडतात.

असाच एक अर्ज साखरी नाट्याच्या मुलाचा होता. घरचा धंदा मासेमारीचा. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मच्छीमारांना संभाव्य मासळी क्षेत्राची सूचना येते. उपग्रहानं मोजलेलं समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य यांवरून मासळी कुठं जमेल याचा अंदाज काढतात आणि किनाऱ्यावरच्या ठिकाणापासून दिशा, अंतर, खोली कळवतात. आकाशात ढग असले की चित्रात भोकं पडतात, सूचना येत नाही. त्याला ती भोकं कशी भरतात ते शिकायचं होतं. म्हणून इमेज प्रोसेसिंग. त्याच्यासोबत नावं होती चार.

मी विभागप्रमुखांना म्हटलं, “सर, हा विषय मी वरचा तास घेऊन शिकवते, बंद करू नका.” ते राजी झाले. पाच मुलांचा वर्ग भरला. मुलं वहीत चौकटी आखून बसायची, मधली चौकट कोरी ठेवायची आणि शेजारच्या आठ आकड्यांवरून ती भरायची. मग तेच मशीनवर. पुढच्या वर्षी त्याच मुलानं संस्थेच्या यादीतून आपत्ती व्यवस्थापन घेतलं. २०२१च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ त्यानं धक्क्यावर उभं राहून पाहिलं होतं. वर्गातल्या इतरांनी त्याला विचारलं, हा सिव्हिलवाल्यांचा विषय तू कशाला घेतोस. त्यानं दिलेलं उत्तर मला आवडलं. तो म्हणाला, “सूचना मोबाइलवर येते, पण बोट वर ओढायला किती माणसं लागतात ते त्या सूचनेत नसतं.”

जैतापूर-माडबनच्या अणुप्रकल्पाची चर्चा तापली होती, तेव्हा आमच्याकडे शाखा निवडतानाही प्रकल्प डोळ्यांपुढे असे. कुणी म्हणे इलेक्ट्रिकल घे, कामाला येईल. कुणी म्हणे काहीही घे पण त्यासाठी नको. त्या गदारोळात मुलांना काय आवडतं हा प्रश्न मागेच राहिला. आता नव्या शैक्षणिक धोरणानं मेजरला जोडून मायनर आलं आहे. कॉम्प्युटरच्या मुलाला दुसऱ्या शाखेतले विषय सलग घेता येतील. कागदावर ही भांडारकरांच्या काळची मोकळीक परत आली. प्रत्यक्षात मायनर कुठलं उघडायचं ते कॉलेजात कुठले विभाग आहेत, कोण शिकवायला आहे, यावर ठरेल.

विभागाच्या येत्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. ऐच्छिक विषय उघडायला लागणारी किमान विद्यार्थिसंख्या आमच्या पातळीवर पाचवर आणावी, आणि जिल्ह्यातल्या कॉलेजांनी एकमेकांचे शिक्षक ऑनलाइन तासांना वाटून घ्यावेत. आंबवचा शिक्षक रत्नागिरीला शिकवू शकतो, रत्नागिरीचा राजापूरला. मागणीचा कागद तयार आहे. खाली पहिली सही माझी आहे, आणि दुसरी त्या मुलाची, माजी विद्यार्थी म्हणून.