कायरोप्रॅक्टिक : संस्थापकाचा दावा आणि रुग्णांच्या तक्रारी
अमेरिकेतील आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीच्या मणक्यावर हाताने दाब देऊन त्याचे बहिरेपण दूर केल्याचा दावा केला. यातूनच कायरोप्रॅक्टिक ही उपचारपद्धती उदयास आली. ९५ टक्के रोग सरकलेल्या मणक्यांमुळे उद्भवतात, असे पामर यांचे प्रतिपादन होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या पद्धतीवर बहिष्कार टाकला. १९८७ मध्ये न्यायालयाने तो बेकायदेशीर ठरविला. तथापि, या निकालाने मूळ सिद्धान्त सिद्ध झाला नाही. आज रुग्ण या उपचाराकडे प्रामुख्याने कंबरदुखी, मानदुखी व डोकेदुखीसाठी वळतात. बहिऱ्यांची तेथे रीघ लागत नाही. निष्कर्ष असा की, सर्वरोगहारक म्हणविणाऱ्या या पद्धतीचे क्षेत्र अखेरीस रुग्णांच्या तक्रारींनीच आखून दिले.