मेकफाइल व आवर्ती बांधणी

मेकफाइल व आवर्ती बांधणी : संगणकाची मोठी आज्ञावली (प्रोग्रॅम) शेकडो, कधी हजारो फायलींमधून सिद्ध होते. त्यांपैकी कोणती फाइल कोणत्या फायलींवर अवलंबून आहे व ती कोणत्या आज्ञांनी तयार करावयाची, याची नोंद असलेल्या फायलीस ‘मेकफाइल’ म्हणतात. ही नोंद वाचून आवश्यक तेवढेच काम करविणाऱ्या साधनास ‘मेक’ असे नाव आहे. फायली अनेक निर्देशिकांत (डिरेक्टरींत) विभागलेल्या असल्यास वरच्या निर्देशिकेतील मेक प्रत्येक उपनिर्देशिकेत पुन्हा मेक चालविते, त्या उपनिर्देशिकेतील मेक तिच्या पोटातील निर्देशिकांत तेच करते आणि अशा रीतीने संपूर्ण वृक्ष पालथा घातला जातो. या पद्धतीस आवर्ती बांधणी म्हणतात. १९७६ नंतरच्या सॉफ्टवेअरनिर्मितीच्या इतिहासात ही पद्धत जितकी सोयीची ठरली, तितकीच वादग्रस्तही ठरली.

उगम : मेकचा जन्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. स्ट्यूअर्ट फेल्डमन या संशोधकांनी १९७६ मध्ये ते प्रथम लिहिले. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी : स्टीव्ह जॉन्सन हे त्यांचे सहकारी एके दिवशी त्रस्त होऊन त्यांच्या खोलीत आले. एका आज्ञावलीतील दोष शोधण्यात त्यांची सारी सकाळ वाया गेली होती. दोष प्रत्यक्षात आधीच दुरुस्त झालेला होता; परंतु दुरुस्त केलेली फाइल कंपायलरमधून पुन्हा काढावयाची राहून गेल्यामुळे जुनीच यंत्रभाषेतील फाइल जोडली जात होती. फेल्डमन यांनाही आदल्या संध्याकाळी हाच अनुभव आला होता. या संभाषणातून अवलंबनाचा विचार करणाऱ्या साधनाची कल्पना निघाली व त्याच आठवड्याच्या सुटीत मेकचे पहिले रूप तयार झाले. म्हणजे मेकच्या मुळाशी केवळ वेळेची बचत नव्हती. डोळ्यांसमोरील मजकूर व यंत्रात प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली यांत तफावत पडू नये, ही खरी गरज होती.

आरंभीचा एक निर्णय आजही टिकून आहे. नियमातील आज्ञेची ओळ ‘टॅब’ या चिन्हाने सुरू करावी लागते. तेवढ्याच मोकळ्या जागा सोडल्यास ओळ डोळ्यांना तशीच दिसते, पण मेक ती स्वीकारत नाही. ही अडचण फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आली. तथापि तोपर्यंत सु. बारा जण मेक वापरू लागले होते व त्यांच्या मेकफायली निरुपयोगी करणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. पुढे जगभरच्या असंख्य वापरणाऱ्यांना या चिन्हाचा जाच सोसावा लागला. १९७९ मध्ये फेल्डमन यांचा मेकवरील निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर मेक विद्यापीठांत व उद्योगांत पोहोचले. या कार्यासाठी २००३ चा एसीएम या संगणकशास्त्रीय संस्थेचा सॉफ्टवेअर प्रणाली पुरस्कार फेल्डमन यांना देण्यात आला.

कार्यपद्धती : मेकफाइलीतील प्रत्येक नियमाचे तीन भाग असतात : तयार करावयाचे लक्ष्य, ते ज्यांवर अवलंबून आहे ते पूर्वघटक आणि पूर्वघटकांपासून लक्ष्य तयार करण्याच्या आज्ञा. लक्ष्य अस्तित्वात नसेल किंवा एखादा पूर्वघटक त्याहून नवीन असेल, तरच आज्ञा पार पाडल्या जातात. नवे-जुने ठरविण्यासाठी फायलीच्या शेवटच्या बदलाची वेळ पाहिली जाते. सर्व नियम एकत्र केल्यास दिशा असलेला पण चक्र नसलेला एक आलेख तयार होतो; मेक त्या आलेखावरून तळापासून वर काम करीत येते.

ही पद्धत आज्ञावलींपुरती मर्यादित नाही. समजा, वर्धा जिल्ह्याची पिकांसंबंधीची सांख्यिकी पुस्तिका संगणकावर तयार करावयाची आहे. जिल्ह्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. गावनिहाय आकड्यांवरून तालुक्याचा तक्ता, आठ तक्त्यांवरून जिल्ह्याची बेरीज व बेरजेवरून छपाईची प्रत, असा क्रम आहे. आष्टी तालुक्यातील एका गावाचा कापसाखालील क्षेत्राचा आकडा दुरुस्त झाला, तर मेक फक्त आष्टीचा तक्ता, जिल्ह्याची बेरीज व छपाईची प्रत पुन्हा तयार करील. उरलेल्या सात तक्त्यांना हात लावणार नाही.

आवर्तनाचा प्रसार : आज्ञावली वाढू लागल्या तशा त्यांच्या फायली उपनिर्देशिकांत विभागणे अपरिहार्य झाले. एका निर्देशिकेत मुख्य आज्ञावली, दुसरीत तिला लागणारा उपयुक्त आज्ञांचा संग्रह, तिसरीत कागदपत्रे, चौथीत चाचण्या, अशी रचना रूढ झाली. प्रत्येक निर्देशिकेची मेकफाइल स्वतंत्र ठेवणे हे सोयीचे वाटले. तत्कालीन यंत्रांची स्मृती तोकडी असल्यामुळे संपूर्ण प्रकल्पाचा आलेख एकदम सामावणे अवघड होते. शिवाय ज्या गटाकडे जी निर्देशिका, त्याच गटाकडे तिची मेकफाइल, ही विभागणी व्यवस्थापनासही मानवणारी होती.

पहिली रीत साधी होती. वरच्या मेकफाइलीत उपनिर्देशिकांची यादी देऊन एका आवर्तनी आज्ञेने एकेकीत शिरावयाचे व तेथे मेक चालवावयाचे. या रीतीत एक धोका होता. मधल्या एखाद्या निर्देशिकेतील काम फसले, तरी आवर्तन पुढे चालू राही आणि शेवटच्या निर्देशिकेचे काम सुरळीत झाल्यास सर्व बांधणी यशस्वी झाली असा निर्वाळा मिळे. यावर उपाय म्हणून प्रत्येक उपनिर्देशिकेस स्वतंत्र लक्ष्य मानण्याचा प्रघात पडला. रिचर्ड स्टॉलमन व रोलंड मॅग्राथ यांनी लिहिलेल्या ‘ग्नू मेक’मध्ये आवर्तनासाठी खास सोयी आहेत. पोटातील मेकला सरळ नावाने न बोलाविता ठरावीक चलाच्या द्वारे बोलाविले असता वरच्या मेकला दिलेले पर्याय खाली आपोआप पोहोचतात. १९९९ मधील आवृत्तीपासून एकाच वेळी किती कामे चालवावयाची, ही मर्यादाही सर्व पातळ्यांवरील मेकमध्ये मिळून पाळली जाऊ लागली. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑटोमेक’ या साधनाने तर उपनिर्देशिकांची केवळ यादी दिली असता बांधणी, चाचणी, स्थापना व साफसफाई यांची सर्व आवर्ती लक्ष्ये स्वतःच लिहून देण्याची सोय केली. त्यामुळे आवर्ती बांधणी ही मुक्त सॉफ्टवेअरची जवळजवळ सर्वमान्य रीत झाली.

संचांची बांधणी : एका आज्ञावलीच्या निर्देशिकांकडून स्वतंत्र लेखकांनी लिहिलेल्या अनेक संचांकडे (पॅकेजांकडे) वळताना आवर्तनास वेगळा अर्थ प्राप्त झाला. १९९३ मध्ये जॉर्डन हबर्ड यांनी फ्रीबीएसडी या प्रणालीसाठी ‘पोर्ट्स’ या संग्रहाचा पाया घातला. त्यात प्रत्येक संचास एक निर्देशिका व एक छोटी मेकफाइल असते. तीत मूळ संहिता कोठून आणावयाची व कोणते अन्य संच आधी हवेत, एवढेच नोंदविलेले असते. बाकीचे नियम सामाईक असतात. एखादा संच बांधताना त्यास लागणारा दुसरा संच उपलब्ध नसेल, तर मेक त्या दुसऱ्या निर्देशिकेत जाऊन तो आधी बांधते. येथे आवर्तन निर्देशिकांच्या यादीप्रमाणे न होता अवलंबनाप्रमाणे होते, हा महत्त्वाचा भेद आहे. १९९३ मध्येच सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पातही प्रत्येक संचाच्या बांधणीचे नियम मेकफाइलीच्या रूपातच द्यावे लागतात.

दोष व वाद : ऑस्ट्रेलियातील पीटर मिलर यांनी आवर्ती मेक घातक असल्याचे प्रतिपादन करणारा निबंध लिहिला. तो १९९८ मध्ये तेथील युनिक्स वापरणाऱ्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे की, दोष मेकचा नसून आलेखाचे तुकडे करण्याचा आहे. मेकला संपूर्ण आलेख दिल्यास ते अचूक निर्णय करते. आवर्तनात मात्र कोणत्याही एका मेकला संपूर्ण आलेख दिसतच नाही.

वरील पुस्तिकेच्या उदाहरणावरून हा मुद्दा स्पष्ट होईल. प्रत्येक तालुक्यास एक निर्देशिका व एक मेकफाइल आहे आणि वरची मेकफाइल हिंगणघाटात आधी व समुद्रपुरात नंतर शिरते, असे समजू. हिंगणघाटच्या कापूस बाजारावरील प्रकरणासाठी समुद्रपूरचा तक्ताही लागतो. समुद्रपूरचा एक आकडा दुरुस्त झाल्यावर मेक चालविले, तर ते प्रथम हिंगणघाटात जाते. तेथे समुद्रपूरचा जुनाच तक्ता आढळतो, म्हणून प्रकरण जसेच्या तसे राहते. त्यानंतर समुद्रपूरचा तक्ता नवा होतो व जिल्ह्याची बेरीजही नवी होते. परिणामी एकाच पुस्तिकेत एका पानावर नवा व दुसऱ्या पानावर जुना आकडा छापला जातो. कोणतीही सूचना मिळत नाही, कारण प्रत्येक मेकने आपापल्या कक्षेत बिनचूक काम केलेले असते. जॉन्सन यांची सकाळ ज्या दोषामुळे वाया गेली, तोच दोष येथे निर्देशिकांच्या सीमेवर पुन्हा उद्भवतो.

यावर व्यवहारात तीन उपाय केले जात. पहिला, निर्देशिकांचा क्रम बदलणे. परंतु दोन निर्देशिका परस्परांतील काही फायलींवर अवलंबून असल्यास कोणताही क्रम पुरत नाही. दुसरा, मेक दोनदा चालविणे. तिसरा, सर्व काही पुसून नव्याने बांधणे. यात मेकचा मूळ हेतूच नष्ट होतो. अनेक कामे समांतर चालविल्यास क्रमावर विसंबून राहणेही अशक्य होते. मिलर यांनी सुचविलेला उपाय असा : प्रत्येक उपनिर्देशिकेत नियमांचा लहान तुकडा ठेवावा, परंतु ते सर्व तुकडे एकाच मेकफाइलीत समाविष्ट करून एकच मेक चालवावे. यंत्रांची स्मृती वाढल्यामुळे जुनी अडचण उरली नव्हती.

हा विचार पुष्कळांनी स्वीकारला. तरी आवर्तन नाहीसे झाले नाही. लिनक्सच्या गाभ्याच्या बांधणीत प्रत्येक निर्देशिकेच्या मेकफाइलीत मुख्यतः फायलींची यादी असते व नियम सामाईक असतात, परंतु निर्देशिकांत उतरण्याची रीत आवर्तीच आहे. दुसरीकडे, गूगलमध्ये विकसित झालेल्या ‘निंजा’ या साधनाने संपूर्ण आलेख एकाच वेळी वाचण्याचे तत्त्व पत्करले. त्याच्या नियमफायली माणसाने न लिहिता ‘सीमेक’सारख्या दुसऱ्या साधनाने लिहावयाच्या असतात.

महाराष्ट्रातील संबंध : आवर्ती बांधणीचे एक अतिशय गुंतागुंतीचे उदाहरण म्हणजे ‘जीसीसी’ हा मुक्त कंपायलर. त्याची वरची मेकफाइल अनेक उपनिर्देशिकांत उतरते. शिवाय हा कंपायलर सामान्यतः तीन टप्प्यांत बांधला जातो : उपलब्ध कंपायलरने पहिला, पहिल्याने दुसरा व दुसऱ्याने तिसरा. दुसरा व तिसरा एकरूप आढळल्यास बांधणी ग्राह्य ठरते. मुंबईतील पवई येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये उदय खेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली जीसीसीच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारच्या साहाय्याने एक केंद्र चालविण्यात आले. त्याच्या २०११ च्या कार्यशाळेत कंपायलरच्या अंतर्रचनेबरोबरच त्याची जुळणी व बांधणी हाही पाठ होता. कंपायलरचा अभ्यास करू पाहणाऱ्यास प्रथम तो स्वतः बांधता आला पाहिजे, हे त्यामागील साधे कारण होय.

मराठी भाषेचाही या विषयाशी थेट संबंध येतो. नोम, केडीई इ. मुक्त सॉफ्टवेअरची मराठी भाषांतरे झालेली आहेत. अशा अनेक संचांत भाषांतरांसाठी एक स्वतंत्र उपनिर्देशिका असते. तीत प्रत्येक भाषेची एक फाइल व भाषांची यादी ठेवलेली असते. बांधणीच्या वेळी मेक या उपनिर्देशिकेत उतरते व यादीतील प्रत्येक भाषेची फाइल यंत्रास वाचता येईल अशा रूपात आणते. मराठीचे भाषांतर पूर्ण असले, पण यादीत मराठीचे नाव नसले, तर ते वापरणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. बांधणी मात्र यशस्वी झाल्याचे दिसते. प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सी-डॅकच्या) ‘बॉस’ या डेबियनवर आधारित भारतीय प्रणालीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. तिच्यातील संचांच्या तळाशीही हीच यंत्रणा आहे.

मूल्यमापन : आवर्ती बांधणीच्या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मेक सांगितलेले अवलंबन काटेकोरपणे पाळते. न सांगितलेले अवलंबन त्यास ठाऊक नसते. तसेच निर्देशिका माणसाच्या सोयीसाठी आखलेल्या असतात व अवलंबन त्या सीमा मानीत नाही. म्हणून स्वतंत्र लेखकांच्या संचांमध्ये, जेथे अवलंबन मोजके व उघड नोंदविलेले असते, तेथे आवर्तन योग्य ठरते. एकाच संचाच्या पोटात, जेथे फायली परस्परांत गुंतलेल्या असतात, तेथे एकच आलेख असणे श्रेयस्कर होय. २०१३ पासून डेबियन प्रकल्पात एकाच मूळ संहितेपासून कोणीही, कोठेही बांधणी केली तरी तंतोतंत तोच संच निघावा, यासाठी पद्धतशीर प्रयत्न सुरू झाले. प्रसिद्ध केलेली मूळ संहिता व लोकांच्या यंत्रांवर चालणारी आज्ञावली एकच आहे, याची खात्री त्यामुळे कोणासही करून घेता येते. १९७६ मध्ये एका सहकाऱ्याच्या वाया गेलेल्या सकाळीतून उपस्थित झालेला प्रश्न अशा प्रकारे सार्वजनिक विश्वासाचा प्रश्न बनला आहे.