औषध लागू का पडत नाही?

औषध ‘लागू पडणे’ हा आपल्या घराघरांतला शब्दप्रयोग. गुण आला की आपण यश वैद्याला देतो. गुण आला नाही तर मात्र बोट बहुधा रोग्याकडेच वळते. पथ्य पाळले नसेल, गोळ्या वेळेवर घेतल्या नसतील, नाहीतर नशिबातच नव्हते! परंतु ह्या खटल्यात तिसराही एक साक्षीदार असतो, आणि तो म्हणजे खुद्द रोगजंतू. त्याची जबानी घ्यावयास माणूस कसा शिकला, त्याची हकीगत आज सांगावयाची आहे. सणासुदीला एड्सचे नाव काढले म्हणून वाचकांनी रागावू नये. गोष्ट रोगाची खरी, पण त्याहून अधिक माणसाच्या चिकाटीची आहे.

शास्त्राचे माझे पुस्तकी शिक्षण मॅट्रिकपुरते. क्षयाच्या आरोग्यधामावर एक कादंबरी लिहावयास घेतली, तेव्हा जुने वृत्तान्त चाळताना ह्या विषयाचे टोक हाती लागले. १९४७ साली ब्रिटनमध्ये क्षयाच्या १०७ रुग्णांवर स्ट्रेप्टोमायसिन ह्या नव्या औषधाची पारख झाली. ५५ जणांना औषध व विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ दगावले, दुसऱ्यातील १४. औषधाचा जयजयकार व्हावयास हरकत नव्हती. तथापि पुढे अनेकांच्या थुंकीतील जंतू त्या औषधाला जुमानीनासे झाले, आणि पाच वर्षांनी पाहिले तो दोन्ही गटांतील मृत्यूंचे अंतर पुष्कळच कमी झालेले! मग दुसरे औषध जोडीला दिले, तेव्हा जंतूंची ही बंडाळी बरीच आटोक्यात आली. एकट्या औषधाला जंतू चकवतो, जोडीला चकवणे त्याला जड जाते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

एच.आय.व्ही.च्या बाबतीत तो पुन्हा शिकावा लागला. १९८७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत झिडोव्हुडीन हे ह्या रोगावरचे पहिले औषध मान्य झाले. मरणाच्या दारातील माणसे उठून बसली, वजन वाढले. पण आनंद टिकला नाही. १९८९ साली लार्डर, डार्बी व रिचमन ह्या संशोधकांनी दाखवून दिले, की सहा महिने वा अधिक काळ औषध घेतलेल्या रुग्णांतील विषाणू त्याला पूर्वीसारखे बधत नाहीत.

हे घडते कसे? आपल्याकडे पोथ्या हाताने उतरवीत. लहिया कितीही सावध असला तरी काना-मात्रा चुके, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठभेद साचत. म्हणूनच तर एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. एच.आय.व्ही.ची पोथी सुमारे साडेनऊ हजार अक्षरांची. ती उतरविणारा लहिया म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज नावाचे विकर. टेमिन व बाल्टिमोर ह्यांनी आपापल्या प्रयोगशाळांत १९७० साली ते शोधून काढले. हा लहिया मोठा घाईचा. लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याची त्याला सवयच नाही! उपचार नसलेल्या रुग्णाच्या देहात दिवसाला सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात, असे १९९६ साली गणिताने निघाले. वर्गात मी शुद्धलेखन घालतो, तेव्हा पन्नास वह्यांत एकच ओळ किती तऱ्हांनी चुकते ते पाहतो; मग हजार कोटी वह्यांची कल्पना वाचकांनीच करावी. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. पण एखादी चूक अशी पडते, की औषधाला पकड घ्यावयास जागाच उरत नाही. औषध बाकीच्यांना मारते, आणि ह्या एकाला रान मोकळे करून देते.

ह्यावर तोड निघाली ती १९९६ साली : तीन औषधे एकदम. तिन्हींना पुरून उरतील अशा चुका एकाच प्रतीत एकाच वेळी पडणे फारच दुर्मिळ. मृत्यूंचे प्रमाण श्रीमंत देशांत झपाट्याने उतरले. पण पूर्वी एकेक औषध घेत आलेल्यांचे काय? त्यांच्या शरीरात जुने पाठभेद ठाण मांडून होते. तेव्हा पुढचे औषध अंदाजाने निवडण्यापेक्षा विषाणूची पोथीच वाचून का पाहू नये?

हीच ती प्रतिरोध-चाचणी. रक्तातील विषाणू घेऊन, औषधे जिथे घाव घालतात तेवढीच पाने वाचावयाची. १०३ व्या जागी लायसिन जाऊन ॲस्पॅराजिन आले असेल, तर नेव्हिरॅपीन व इफॅव्हिरेन्झ दोन्ही फुकट. १८४ व्या जागी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन आले, तर लॅमिव्हुडीनची धार जाते. पण गंमत अशी, की तो विषाणू स्वतःही थोडा दुबळा होतो, म्हणून डॉक्टर पुष्कळदा ते औषध चालूच ठेवतात. फ्रान्समध्ये १०८ रुग्णांवर ह्या चाचणीची परीक्षा झाली. निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. पोथी वाचून औषध निवडलेल्यांत तीन महिन्यांत विषाणू सरासरी सुमारे अकरा पटींनी घटले, अंदाजाने निवडलेल्यांत सुमारे तीन पटींनी.

मात्र साक्षीदार लहरी आहे. औषध बंद करून काही आठवडे गेले, की मूळचा सशक्त विषाणू पुन्हा माजतो आणि बंडखोर दृष्टीआड होतो. तो मरत नाही, पेशींत दडून बसतो. म्हणून जबानी घ्यावयाची ती औषध चालू असताना, अथवा सोडल्यावर लवकरच.

आपल्या देशात प्रश्न पैशाचा होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा एका सेवाभावी संस्थेला ३५० डॉलरना देऊ केला. तोवर पाश्चात्त्य किंमत दहा हजारांच्या पुढे होती. १ एप्रिल २००४ पासून सरकारने औषधे मोफत सुरू केली. ती निकामी ठरलेल्यांसाठी २००८ च्या जानेवारीत मुंबईचे जे. जे. रुग्णालय व चेन्नईजवळचे तांबरम येथे दुसऱ्या फळीची औषधे आली. पण प्रत्येकाची पोथी वाचणे परवडणारे नव्हते. रक्तातील विषाणूंची संख्या मोजावयाची आणि ठरलेल्या क्रमाने औषध बदलावयाचे, हीच रीत पडली.

ही रीत गरिबांची म्हणून हिणकस समजू नये. युगांडा, केनिया व झिंबाब्वे येथील ४६४ रुग्णांवरच्या प्रयोगाने २०२१ साली दाखविले, की चाचणी ज्याला निकामी ठरवी ते टेनोफोव्हिरही डोल्युटेग्रॅव्हिरसारख्या भक्कम औषधाच्या साथीत काम देते. मात्र त्याच प्रयोगात थोड्या रुग्णांत डोल्युटेग्रॅव्हिरलाही प्रतिरोध उपजला. विषाणू हार मानून बसलेला नाही, तेव्हा पोथी वाचणाऱ्यांची गरजही संपलेली नाही.

ह्या चाचणीने दिलेला न्याय मला औषध-निवडीहूनही मोलाचा वाटतो. पोथीत बंडाचे पाठभेद सापडले, तर बहुधा औषध पोटात गेले होते, पण विषाणूने ते निकामी केले, असे दिसते. केवळ आळसाचा ठपका रोग्यावर ठेवता येत नाही. पोथी निर्दोष निघाली, तर बहुधा औषध पोटात पुरेसे जातच नाही. मग दोष देण्याऐवजी विचारावयाचे, की बाई, औषधाच्या केंद्रापर्यंत यावयास एस.टी.चे भाडे नाही काय? दिवसाची मजुरी बुडते काय? की सासरी कुणाला कळू नये म्हणून गोळ्या धान्याच्या डब्यात लपवाव्या लागतात? पहिल्या प्रसंगी औषध बदलावे लागते. दुसऱ्या प्रसंगी नवे महाग औषध दिले तरी तेही डब्यातच राहील. तिथे बदलावयाचे असते ते घर, गाव आणि आपण. हे काम कोणतीही प्रयोगशाळा आपल्यासाठी करून देणार नाही.