आयुर्मानाचा आकडा आणि मराठवाड्याचा अनुभव

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) ज्या निजामी राज्यात मोडत असे, त्या हैदराबादची लोकसंख्या १९११ च्या खानेसुमारीत सुमारे १ कोटी ३४ लक्ष होती. १९२१ मध्ये ती १ कोटी २५ लक्षांवर उतरली. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ हे या घटीचे प्रमुख कारण होय. त्या दशकात भारताचे जन्मकालीन सरासरी आयुर्मान अवघे २० वर्षांच्या आसपास होते. यावरून त्या काळी माणसे विसाव्या वर्षीच मरत, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. बालमृत्यूंमुळे ही सरासरी एरवीही खालीच असे. बाल्य पार केलेले पुष्कळजण चाळिशी-पन्नाशी गाठीत. इन्फ्लुएंझाने मात्र ऐन उमेदीतील स्त्रीपुरुषांनाही मोठ्या संख्येने ओढून नेले. तात्पर्य, आयुर्मानाचा आकडा हाती येताच इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम विचारावे : मृत्यू कोणत्या वयात झाले?