तलावाकाठचे मंदिर आणि पंधरा घरे

ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठी संत योहान बाप्तिस्त याच्या नावाने उभे असलेले मंदिर आपणांपैकी अनेकांस परिचित आहे. या स्थानाची परंपरा सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्कन धर्मबंधूंपर्यंत जाते. वसईचा प्रदेश पोर्तुगीजांकडे आला तो १५३४ साली. त्यामुळे ठाण्यातील ख्रिस्ती श्रद्धेचा आरंभ तेव्हाच झाला, असा समज सहज होतो. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

१३२१ साली तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा याकोब, सिएनाचा पेत्र आणि दुभाष्याचे काम करणारा तिफ्लिसचा देमेत्रियस हे होर्मुझहून कोल्लमकडे निघाले असता ठाण्यास येऊन पोहोचले. दोमिनिकन धर्मगुरू जॉर्डानस त्यांच्यासोबत होते. शिलाहारांच्या या जुन्या राजधानीत तेव्हा नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे पुढे लवकरच येथे आलेल्या पोर्देनोनेच्या ओदोरिकने नमूद केले आहे. त्यांतीलच एका घरी या पाहुण्यांना आसरा मिळाला.

जॉर्डानस बाहेरगावी गेले असता त्या घरात पतिपत्नींचा कलह झाला. पतीने मारले म्हणून पत्नीने काझीकडे दाद मागितली आणि धर्मबंधूंना साक्षीस बोलावणे आले. साक्ष बाजूस राहून धर्मावरच वाद सुरू झाला. याकोबाला अग्निदिव्य करावे लागले. त्यातून तो सुखरूप निघाला, असे ओदोरिक सांगतो. तरीही ९ एप्रिल रोजी तिघांचा व ११ एप्रिल रोजी पेत्राचा वध झाला. जॉर्डानसने परत येऊन त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले. पुढे ओदोरिकने त्यांच्या अस्थी चीनमधील झैतून येथे नेल्या. १३२९ साली जॉर्डानस यांची कोल्लमचे बिशप म्हणून नेमणूक झाली.

ही कथा धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली ही की, हे प्रकरण एका जमातीविरुद्ध द्वेष पेरण्यासाठी नाही. प्रथम अधिकाऱ्याने धर्मबंधूंना सोडून दिले होते. आणि वधाबद्दल दिल्लीच्या सुलतानाने त्याच अधिकाऱ्यास शासन केले, असेही ओदोरिकच लिहितो. रक्तसाक्षींचे रक्त सूड मागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आजचे मंदिर या हुतात्म्यांच्या समाधीवर उभे आहे, असे सांगण्याचा मोह टाळावा. त्यांचे देह ठाण्यात राहिलेच नाहीत. श्रद्धेला खोट्या पुरातनत्वाचा टेकू लागत नाही. मंदिरांनीही पुष्कळ सत्तांतरे पाहिली: १७३७ साली ठाणे मराठ्यांनी घेतले, १७७४ साली इंग्रजांनी.

त्या पंधरा घरांचा आज मागमूस नाही. त्यांच्या प्रार्थनेची भाषा निराळी होती, परंपराही निराळी. रोमहून आलेल्या धर्मबंधूंच्या दृष्टीने ते वेगळ्या पंथाचे होते. तरी परक्यांसाठी दार उघडले ते त्यांनीच. हुतात्म्यांचे स्मरण करताना त्या अनाम यजमानांचेही स्मरण व्हावे. ख्रिस्तसभा दगडविटांत उभी राहण्यापूर्वी ती कोणाच्या तरी ओसरीवर उभी असते. आपल्या गावातील ती ओसरी कोणती, हे प्रत्येक धर्मशिक्षकाने शोधावे.