त्रेचाळीस दात्यांची जीप

आमच्या सोनारीला काळभैरवाच्या दर्शनासाठी येणारी जुनी जीप ओरडते फार, पळते थोडी. लोक म्हणतात, इंजिन थकले. बिचाऱ्या इंजिनाचा यात दोष नाही. गोम मागच्या ॲक्सलमध्ये आहे.

महायुद्धातल्या विलिस जीपच्या ॲक्सलमध्ये पिनियनला ८ दाते, तर क्राउनला ३९. म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा ४.८८ वेळा फिरावा तेव्हा चाक एकदा फिरे. १९४५ साली युद्ध सरले. सैनिक घरी निघाले. आता गिऱ्हाईक कोण? शेतकरी! त्याचा नांगर ओढायचा म्हणून नव्या ‘सीजे-२ए’ला ४३ दात्यांचा क्राउन आला. ओढ वाढली, वेग घटला. पुढे महिंद्रांनी मुंबईत बांधलेली ‘सीजे-३बी’ त्याच वळणाची.

आज डांबरी सडकेवर नांगर कोण ओढतो? म्हणून हौशी मंडळी ३९ची जोडी बसवतात. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत ताशी ५० किलोमीटरचे ५५ होतात. ओढ मात्र तितकीच उतरते. आठ माणसे कोंबून तुळजापूरचा घाट चढणाऱ्याने या फंदात न पडलेले बरे, असे माझे मत.

बदलायचेच, तर क्राउन-पिनियन जोडीनेच बदलावे. एकीचा नवरा दुसरीच्या गळ्यात बांधू नये. शिवाय पुढचा ॲक्सलही बदलावा. नाहीतर चारही चाके जोडताच पुढची-मागची आपसांत भांडतात आणि दाते तुटतात. वेगाचा काटाही जुनाच हिशेब सांगत राहतो : तो ५० दाखवील, तेव्हा गाडी ५५ने धावत असेल.